चुकीच्या उत्तराची रिकामी जागा

त्या शाळेतली मुलं फक्त टाचणात लिहिलेलंच बोलत. बी.एड. करणाऱ्या मुलींना वर्गावर पाठ घेण्याआधी वहीत टाचण काढावं लागतं. डाव्या बाजूला शिक्षक काय विचारणार, उजव्या बाजूला विद्यार्थी काय उत्तर देणार. इतर शाळांत ती उजवी बाजू म्हणजे नुसते मनातले मांडे. या शाळेत मात्र तिथं जे असेल ते मुलं उभी राहून शब्दाला शब्द म्हणत, आणि काहीच नसेल तर गप्प बसत. एकीनं 'विद्यार्थी हसतात' असं लिहिलं आणि थांबण्याचं लिहायला विसरली, तर सातवीचा वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत हसत होता. हेडमास्तर म्हणाले, "आमच्या इथं असंच आहे. टाचण नीट काढत जा."

दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्याजणी सरावल्या.

प्रणिता ठोकळची उजवी बाजू सगळ्यांत देखणी असे. दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून ती बी.एड.ला आली होती. मशीनमधला उजेड इकडून तिकडे सरकत असताना ती मनातल्या मनात हजेरी घ्यायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं, दुसरं काही म्हणून नाही. तिच्या टाचणातली मुलं अडखळत, डोकं खाजवत, "बाई, मग विहिरीचं पण तसंच असतं का?" असं उलट विचारत. तिच्याच खोलीत राहणाऱ्या वैशू ढोकेला हे काही केल्या जमत नसे. वैशूची मुलं 'होय' आणि 'नाही' यापलीकडे जात नसत. शेवटी वैशूचे वीसच्या वीस पाठ प्रणितानं लिहून दिले. वैशू तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू माही सख्खी बहीन हायेस वं." भोळ्या प्रणिताला ते खरं वाटलं.

एका जागेपाशी मात्र प्रणिताचा हात अडायचा. त्यांच्या प्राध्यापिका भोंडे मॅडम सांगत की पाठात एक तरी चुकीचं उत्तर हवंच. चुकलेल्या मुलाला शिक्षिका कसं सांभाळून घेते, ते परीक्षक बघतात. पण या शाळेत चुकीचं उत्तर ज्याच्या नावानं लिहावं, त्याला ते जन्माचं चिकटे. मागच्या तुकडीतल्या कुणीतरी 'सात आठे पंचावन्न' एका मुलीच्या नावानं लिहिलं होतं. आता तिला भूक लागली का विचारलं तरी ती पंचावन्न म्हणते. म्हणून प्रणिता ती जागा दोघींच्याही वहीत रिकामी सोडायची, आणि प्रत्येक पाठाला दोघींचेही दोन-दोन गुण जायचे.

"लेकराचं नाव नोको लिहू हं वैशू," ती बजावायची.

"नाई लिहत," वैशू म्हणायची.

वार्षिक पाठाला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी दोघींना आधीच एकच घटक कळवला होता, नदी; वैशूचं टाचण याही वेळी प्रणितानंच लिहिलं होतं. आधी वैशूचा पाठ, मग त्याच वर्गावर प्रणिताचा. हा पाठ हुकला तर पदवी गेली आणि पुन्हा ते झेरॉक्सचं दुकान. प्रणिता निरीक्षणाची वही घेऊन शेवटच्या बाकावर बसली. बाक मुलांच्या मापाचा होता. तिच्या साडीच्या निऱ्या त्यात मावेनात, मग मावल्या. पाय फरशीला टेकले होते, ते हळूहळू टेकेनासे झाले.

वैशू छान शिकवत होती. मुलं प्रणितानं लिहिलेलं एकेक वाक्य बोलत होती आणि प्रणिताला भरून येत होतं. मग वैशूनं विचारलं, "नदी कुठून निघते?"

इथं रिकामी जागा होती. वर्ग गप्प राहायला हवा होता. पण प्रणिता उभी राहिली.

तिला उभं राहायचं नव्हतं. डोंगरातून, हे तिला दुसरीपासून ठाऊक होतं. तिच्या तोंडून निघालं, "समुद्रातून."

"असू दे बाळा," वैशू म्हणाली. "चुकलं तरी चालतं. प्रयत्न केलास ना?" ती बाकापाशी आली आणि प्रणिताच्या डोक्यावरून हात फिरवला. सकाळी याच हातानं तिनं प्रणिताच्या पदराला पिन लावून दिली होती. दुसऱ्या हातात टाचणाची वही उघडी होती. रिकाम्या जागेत वैशूच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: प्रणिता – समुद्रातून.

परक्या कुणी केलं असतं तर प्रणिता चिडली असती, भांडली असती. हे वैशूनं केलं होतं. हे काय केलं वं तू, असं विचारायला तिनं तोंड उघडलं.

"समुद्रातून," ती म्हणाली.

मुलं हसली आणि वेळेवर थांबली. वैशूनं तेही आठवणीनं लिहिलं होतं. मग ती खाली वाकून प्रणिताच्या कानाशी हळूच म्हणाली, "लेकराचं नाव नोको लिहू, असं तूच म्हने ना? मंग कोनाचं लिहू मी?"

मागे बसलेले परीक्षक 'वा' म्हणाले आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग त्यांनी यादी पाहिली. "आता ठोकळबाईंचा पाठ. कुठे आहेत त्या?"

प्रणितानं हात वर केला.

"तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"समुद्रातून."

"बस खाली."

भोंडे मॅडम व्हरांड्यात बघून आल्या. दुसऱ्या वर्गांतही डोकावल्या. "ऐन दिवशी गैरहजर," त्या म्हणाल्या. "हिच्याकडून अपेक्षा नव्हती."

"सकाळी तर होती, मॅडम," वैशू म्हणाली. तिचा आवाज खरोखर काळजीचा होता.

मग ती फळ्यापाशी गेली. वरच्या कोपऱ्यात तारखेखाली वर्गाचा पट लिहिला होता, बेचाळीस. तिनं बोटानं दोनचा आकडा पुसला, तिथं तीन लिहिला आणि हाताला लागलेला खडू झटकला.