कोळंब्या की कोथिंबीर

"आता ह्या पेटीत एक जरी जीव मेला ना, तर पेटी गॅलरीत जाईल आणि मी तिच्यात कोथिंबीर लावीन," रत्नप्रभाबाईंनी जाहीर केलं. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी जाहीर केलेली गोष्ट मागे घेतल्याचं अण्णांना तरी आठवत नव्हतं.

अण्णा पाटणकर कस्टम हाउसमधून निवृत्त झाले, त्याच वर्षी चौपाटीवरचं नवं मत्स्यालय बघून आले आणि लोखंडी चौकटीची ही काचेची पेटी घेऊन बसले. त्याआधी त्यांचा दिवस वर्तमानपत्र वाचून उरलेल्या वेळेत पुन्हा तेच वर्तमानपत्र वाचण्यात जाई. माशांनी त्यांना माणसांत आणलं. मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, अण्णांनी पाण्यात मोरचूद घातला, आणि घाबरून जरा जास्तच घातला. ठिपके गेले. मासेही गेले.

आता त्यांच्या डोक्यात गोड्या पाण्यातल्या कोळंब्या होत्या. मासे विकणाऱ्याने बजावलं होतं, "मोरचूद म्हणजे तांबंच की हो. माशाला औषध, पण कोळंबीला निव्वळ विष. रेती टाकून द्या, पेटी धुवा, पुन्हा धुवा, कोळसा ठेवा, आणि आधी दोनतीनच सोडून बघा." अण्णांनी सगळं केलं. जुनी रेती फेकली, पेटी उन्हात वाळवली, पुन्हा पुन्हा पाणी भरून ओतलं, धुतलेल्या कोळशाची पुरचुंडी आत सोडली. नळाच्या पाण्याचा औषधी वास जावा म्हणून ते माठात शिळं करून मगच पेटीत भरलं.

कोळंब्या आणल्या शेजारच्या दशरथने. गडी मालवणकडचा, गिरणी सोडून भांडुपच्या एका कारखान्यात लागलेला. नाहूरच्या ओढ्यात फडकं लावून त्याने तीन कोळंब्या धरल्या आणि डबा पुढे करत म्हणाला, "अण्णानू, सुंगटां तळूक असतत, पोसूक नाय."

"हळू बोल रे! हिच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा उठून बघतात तर तिघी आडव्या. गॅलरीत डोलणारी कोथिंबीर डोळ्यांसमोर आली, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांदा वाचायचं वर्तमानपत्र. त्यांनी धोतर खोचलं, मेलेल्या कोळंब्या पुडीत बांधल्या आणि चवड्यांवर चालत दशरथचं दार गाठलं. रत्नप्रभाबाई चहाला उठल्या तेव्हा पेटीत तीन कोळंब्या झकास हिंडत होत्या.

"आहेत का जिवंत?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! ठणठणीत."

"पण कालच्या एकीला मिशी अर्धीच होती ना हो?"

"वाढते गं. रात्रीतून वाढते."

हा उद्योग मग रोजचाच झाला. दिवसा अण्णा थोडं पाणी बदलत, कोळसा बदलत. रात्री कोळंब्या मरत. पहाटे अण्णा दशरथकडून नव्या आणून गुपचूप सोडायची चोरी करत. चोरी म्हणण्याचं कारण इतकंच की पकडले जाण्याची भीती चोराहून कमी नव्हती. दशरथ काही मागत नसे, फक्त अण्णांचं वर्तमानपत्र वाचायच्या आधीच घेऊन जाई.

एका संध्याकाळी अण्णा फिरायला निघाले आणि छत्री विसरली म्हणून परतले. बघतात तर रत्नप्रभाबाई पेटीपाशी. शेजारी त्यांच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ, चिंच-मीठ लावून असं घासलेलं की तोंड दिसावं. त्यातलं पाणी तांब्याने काढून त्या पेटीत अलगद ओतत होत्या आणि म्हणत होत्या, "प्या गं बायांनो. नळाच्या पाण्याने का कुणी धडधाकट होतं?"

अण्णा दारातच थिजले. मोरचूद त्यांनी मर मर मरून बाहेर काढला होता, आणि बायको चिंचेने उतरवलेलं तांबं रोज संध्याकाळी प्रेमाने आत घालत होती! सांगावं तर कोळंब्या मेल्याचं कबूल करावं लागणार, म्हणजे कोथिंबीर. न सांगावं तर नाहूरचा ओढा ओस पडणार. शिवाय त्या घंगाळावर बाईंचा जीव होता.

दुसऱ्या दिवशी बाई घाटकोपरला बहिणीकडे गेल्या आणि खाली नेमका कल्हईवाला ओरडला. अण्णांनी घंगाळ त्याच्यापुढे ठेवलं.

"आंघोळीच्या घंगाळाला कल्हई?" तो हसायला लागला.

"आतून कर. तांबं कुठे दिसता कामा नये."

संध्याकाळी बाई परतल्या, आणि त्यांच्या हातात पांढरंफटक घंगाळ बघून अण्णांना कुठलीही थाप मारवेना. त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

रत्नप्रभाबाईंनी घंगाळ खाली ठेवलं. "म्हणजे मी मारल्या?"

"निम्म्या माझ्याच नावावर घाल. मी लपवलं नसतं तर तू ओतलं नसतंस."

"लपवलंत? पोटाखाली अंडी धरलेली कोळंबी रात्रीतून रिकामी होते होय? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मरतात म्हणून तर मी जास्त जास्त पाणी घालत गेले."

"मग बोलली का नाहीस? कोथिंबीर आली असती!"

बाई पदराचं टोक पिळत राहिल्या. "पहाटे धोतर खोचून चवड्यांवर चालत होतात. ऑफिस सुटल्यापासून तुम्हाला इतक्या घाईने कुठे निघालेलं बघितलं नव्हतं. बरं वाटायचं मला."

अण्णांना एकदम भरून आलं. त्यांनी पेटी रिकामी करायला घेतली. या वेळी दोघांनी मिळून ती धुतली, नवी रेती घातली, माठाचं पाणी भरलं. दशरथने पुन्हा तिघी सोडल्या. "आता मेल्या तर?" अण्णांनी विचारलं.

"अट ती अट," बाई म्हणाल्या.

पहाटे अण्णांना जाग आली. आदल्या संध्याकाळीच त्यांनी दशरथकडून तीन जादा कोळंब्या आणून डबा खाटेखाली लपवला होता. तो घेऊन ते चवड्यांवर पेटीपाशी आले, तर तिथे आधीच कोणीतरी वाकलेलं. रत्नप्रभाबाई! त्यांच्याही हातात दशरथचाच डबा, आणि त्यात तीन कोळंब्या.

"हे काय? अट तुझी ना?"

"माझीच. म्हणून तर मोडू देणार नव्हते. दशरथला त्यासाठी बेसनाचे लाडू दिलेत मी."

"आणि मी वर्तमानपत्र!"

दोघं एकदमच पेटीकडे वळली. आतल्या तिघी ठणठणीत होत्या, आणि एवढ्या पहाटे बाहेर काय गोंधळ चाललाय म्हणून मिशा काचेला टेकवून बघत होत्या.

रत्नप्रभाबाईंनी आपला डबा आधी पेटीत रिकामा केला. "तुमचाही ओता," त्या म्हणाल्या. "कोथिंबिरीला मी डबडं बघते एखादं."