वरवंट्याला वाचा फुटली

येलहंक्याच्या त्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे खुर्च्यांवर आया, मागे भिंतीला टेकून बाप, खिडकीच्या कट्ट्यांवर आज्या, आणि मध्ये सतरंजीवर पोरांचा धुडगूस. समोरच्या टेबलावर एक कापडी चिमणी विराजमान झाली होती. गोल, गुबगुबीत, पोटात दिवा. तिचं नाव गुब्बी. कानडीत चिमणीला गुब्बी म्हणतात. टेबलामागे या गुब्बीचे जनक वादिराज सर उभे होते. पांढराशुभ्र खादीचा कुर्ता, पायांत महागडे बूट आणि गालाला चिकटलेला माइक.

"हे खेळणं नाही," सर म्हणाले. "ही तुमच्या घरातली दुसरी आई आहे. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा तुमच्या लेकराचं कोण ऐकतं? डॉक्टर? डॉक्टर पाच मिनिटं बघतात आणि घाबरवून सोडतात. गुब्बी दिवसभर ऐकते. ओठांवर न आलेला शब्दसुद्धा ऐकते!"

टाळ्या पडल्या. ओठांवर न आलेला शब्द ऐकू कसा येतो, हे त्या दोनशे शिकल्यासवरल्या माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझ्याच भाच्याचं नाव पुकारलं.

"यशोवर्धन! बा पुट्टा, ये बाळा."

माझ्या भावाने, संग्रामने, यशूला उचलून सतरंजीच्या मध्यावर बसवलं. तीन वर्षांचं पोर, अजून एक शब्द स्पष्ट बोललेलं नाही. सरांनी गुब्बी त्याच्या बाजूला ठेवली आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. "यशोवर्धन, इकडे बघ!" गुब्बी किणकिणली. तिच्या पोटातला दिवा निळा झाला, अंग थरथरलं, आणि यशूने गर्रकन वळून तिला मिठी मारली.

"अय्यो!" सभागृहभर एकच उद्गार. त्याच क्षणी मागच्या भिंतीवर पालकांच्या अ‍ॅपचा पडदा उजळला. त्यावर यशूच्या शब्दांचा आलेख जिन्यासारखा वर चढत गेला होता. माझी भावजय प्रणिता पदराने डोळे पुसत होती. माझ्या आईने, महानंदाबाईंनी, त्या कापडी चिमणीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. शेजारची बाई मला विचारू लागली, "अक्का, ही कुठं मिळते हो?"

मी त्या गर्दीत कशाला गेले होते, ते सांगते. माझं नाव अहल्या. आम्ही मूळचे निपाणीचे. मी बनशंकरीला एकटी राहते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपचे पडदे आखून देते. बटण कुठे, आलेख कुठे, अक्षर केवढं, असला माझा धंदा. गुब्बीच्या कंपनीने पालकांचं अ‍ॅप नव्याने आखायचं काम त्याच आठवड्यात मला दिलं होतं. आयाबाप ते कसं वापरतात हे बघायला मी आले होते, आणि बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

जेवताना मी विषय काढला. "लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कान तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं ना? गेलात का?"

"वेळ घेतली होती, अक्का. रद्द केली," संग्राम म्हणाला.

"का?"

"आता गरजच काय? घरात चार भाषा आहेत. आईचं निपाणीचं मराठी, शेजाऱ्यांचं कानडी, सांभाळणाऱ्या बाईंचं तेलुगू आणि आमचं इंग्लिश. त्याचं डोकं आधी सगळं लावून घेतंय. वादिराज सर म्हणाले, डॉक्टर एकाच भाषेत तपासतात. गुब्बीला चारही कळतात."

"आणि ऐकू येतं की त्याला," प्रणिताने घाईघाईने जोड दिली. "विमान गेलं की वर बघतो."

जवळच हवाई दलाचा तळ आहे. बोलावल्यासारखं एक विमान तेव्हाच डोक्यावरून गेलं. खिडक्यांची तावदानं, ताटातले चमचे, सगळं थडथडलं. यशूने मान वर केली.

"बगितलंस?" आई म्हणाली. "पोराला इमान ऐकू येतंय, आणि तू म्हणतीस कान तपासा. कायतरी वंगाळ बोलू नगंस बाई."

प्रणिताने कौतुकाने मोबाइल पुढे केला. "हे बघा ना, कालचे नवे शब्द." मी वाचलं: दळण. कुकर. सूनबाई. षड्यंत्र.

तीन वर्षांचं पोर 'षड्यंत्र' म्हणतं आणि घरातल्या एकालाही शंका येत नाही! आई दुपारभर मालिका लावून बसते, हे त्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे. मी ते बोलूनही दाखवलं. संग्राम हसला आणि म्हणाला, "तू ना अक्का, पहिल्यापासून संशयी."

दुसऱ्या दिवशी कंपनीत बैठक झाली. वादिराज सर तिथे इंग्रजीत बोलतात. त्यांचं सांगणं मी इथे मराठीत देते.

"अहल्या मॅडम, एक लक्षात ठेवा. आलेख कधीही खाली जाता कामा नये. आई सकाळी उठून आधी अ‍ॅप उघडते. तिला प्रसाद मिळाला पाहिजे."

"पण हे शब्द मुलाचेच आहेत, हे खेळण्याला कसं कळतं? घरात आजी बोलते, टीव्ही बोलतो."

"ते आमचं आतलं शास्त्र आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही रंग बघा, मॅडम. हिरवा थोडा आशादायक हवा."

आतलं शास्त्र! ज्याला प्रश्न सोसत नाही त्याला शास्त्र म्हणत नाहीत, इतकं तर निपाणीच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं. मी बाहेर पडले, तडक खेळण्यांच्या दुकानात गेले आणि स्वतःच्या पैशाने एक गुब्बी विकत घेऊन घरी आले.

माझ्या घरात मूल नाही. ओट्यावर पाटा-वरवंटा आहे. अ‍ॅपने विचारलं, बाळाचं नाव काय? मी लिहिलं, वरवंटा. वय तीन वर्षं. अ‍ॅपने तक्रार केली नाही. उलट "वरवंटा फार गोड नाव आहे!" असं म्हणून फुगे उडवले. मी गुब्बीला वरवंट्याशेजारी बसवलं, रेडिओ लावला, दाराला कुलूप घातलं आणि कामाला गेले. संध्याकाळी मोबाइल किणकिणला: "वरवंटा आज सतरा नवे शब्द बोलला! अभिनंदन, आई!" त्या शब्दांत 'बाजारभाव' होता आणि 'हवामान'ही होतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद ठेवला. घरात चिटपाखरू नव्हतं. तरी वरवंट्याची प्रगती थांबली नाही. गुब्बी दर थोड्या वेळाने आपणच बोलायची, "चल, खेळू या!", आपलाच आवाज आपण ऐकायची आणि ते शब्द वरवंट्याच्या नावावर चढवायची. तिसऱ्या दिवशी मी तिचं बटणच बंद केलं. ना आवाज, ना दिवा. संध्याकाळी संदेश आला: "आज वरवंटा ऐकण्यात रमला होता. शब्द मनात साठत आहेत." आणि आलेख आणखी एक पायरी वर गेला होता.

आधी मला हसू आलं. मग यशूच्या आलेखातल्या त्याच पायऱ्या आठवल्या. वरवंट्याचं काय नुकसान व्हायचं होतं! यशूची मात्र तपासणी रद्द झाली होती.

मी संग्रामकडे गेले. यशू जमिनीवर स्टीलचे पेले एकावर एक रचत होता. मी त्याच्या गुब्बीला जाड ओढणीत गुंडाळलं, त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि ती जमिनीला टेकणार नाही अशी हातात उचलून धरली. मग प्रणिताच्या मोबाइलवरून तिला बोलायला लावलं, आवाज पूर्ण मोठा करून. "यशोवर्धन, इकडे बघ! यशोवर्धन!" शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. यशूने शांतपणे पाचवा पेला चौथ्यावर ठेवला.

"खेळात दंग आहे तो," संग्राम म्हणाला. त्याचा आवाज मात्र बसला होता.

प्रणिता उठली. तिने माझ्या हातून गुब्बी घेतली, ओढणी सोडली आणि अ‍ॅपमध्ये आवाज शून्यावर आणला. मग ती यशूच्या बाजूला जमिनीवर ठेवून दिली. गुब्बी तोंडातून अक्षर न काढता थरथरली, पोटातला दिवा निळा झाला. यशू गर्रकन वळला आणि खिदळत तिच्यावर झेपावला.

आईच म्हणाली, "मग इमान कसं ऐकू येतंय रं त्याला?"

त्याचं उत्तर आम्हाला इस्पितळात डॉक्टर सुप्रीतांनी दिलं. यशूला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून त्यांनी दोन्ही कान तपासले होते. "आजी, विमान तो कानाने ऐकत नाही. तावदानं हलतात, फरशी हलते, ते अंगाला कळतं. शिवाय तुम्ही सगळे वर बघता, म्हणून तोही बघतो. त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही."

"चार भाषांमुळे नाही का हे?" संग्रामने विचारलं. तो अजूनही कशाला तरी धरून राहायला बघत होता.

"चार भाषा ऐकणारं मूल चारही मिसळून बोलतं. गप्प राहत नाही. आता यंत्र लावू, कदाचित कानाच्या आत शस्त्रक्रियाही करावी लागेल. तोवर तुम्ही हातांच्या खुणांनी बोलायला लागा. त्याला भाषा हवी आहे, कुठल्याही वाटेने. पण आधी का नाही आणलंत? पहिली तीन वर्षं फार मोलाची असतात."

मी प्रणिताकडे बघू शकले नाही.

नव्या अ‍ॅपचं अनावरण पुढच्या रविवारी होतं, त्याच क्लबहाउसमध्ये. नवी आखणी पालकांना मीच दाखवायची, असं सरांनी आधीच जाहीर केलं होतं. यशूचं नाव मी काढणार नव्हते. पोराचा तमाशा एकदा झाला तेवढा पुरे होता. मी माझा मोबाइल भिंतीवरच्या पडद्याला जोडला.

"हा एका मुलाचा आलेख बघा. तीन दिवसांत केवढी प्रगती!"

"वाह!" सर म्हणाले. "बघा, हीच ती गुब्बीची कृपा! या भाग्यवान बाळाचं नाव काय, मॅडम?"

"वरवंटा," मी म्हटलं, आणि पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला.

मराठी घरं आधी हसली. मग त्यांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, आणि ते हसू रांगारांगांनी मागे गेलं. मी रेडिओचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, बटण बंद केल्याचं सांगितलं. गुब्बीच्या कानावर जो शब्द पडतो तो मुलाच्या खात्यात जातो, आणि पडलाच नाही तर कंपनी पदरचा घालते. मूल वळतं ते दिव्याकडे आणि थरथरण्याकडे. मागून, दिवा झाकून हाक मारा, मग कळेल. हसणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. बऱ्याच आया आपापल्या पोरांकडे बघत होत्या.

"करारात गुप्ततेचं कलम आहे, मॅडम!" सर ओरडले.

"पक्षी दुकानातून आणला, घर माझं, वरवंटा माझ्या आईचा. यात तुमचं गुप्त काय आहे?"

सरांनी माझा नाद सोडला आणि सभेकडे वळून आवाजात मध कालवला. "आयांनो, यंत्रात बारीकसारीक चुका राहतात. पण तुमचा विश्वास? आईला आतून सगळं कळत असतं. सांगा, तुम्हाला आतून काय वाटतं?"

मागच्या रांगेतून प्रणिता उठली. येऊ नकोस म्हटलं होतं, तरी आली होती.

"मला आतून वाटत होतं की माझ्या मुलाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "रोज वाटत होतं. म्हणूनच मी डॉक्टरांची वेळ घेतली होती. तुमचा आलेख बघितला आणि वाटायचं बंद झालं."

सरांचा माइक चालू होता, त्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

माझं काम अर्थातच गेलं. मी आखलेला पडदा त्यांनी नाकारला. त्यावर दोनच ओळी होत्या: 'हे खेळणं तुमच्या मुलाचं बोलणं ओळखू शकत नाही. शंका असेल तर आजच कान तपासून घ्या.' असं लिहिलं तर विकत कोण घेईल, असं त्यांनी मला विचारलं. गुब्बी अजून विकली जाते. आता तिच्या पोटातला दिवा हिरवा आहे.

म्हणून तो नाकारलेला पडदा मी इथे लिहून काढते आहे. बाबा भस्म देतो, कंपनी आलेख देते. दोघेही तुमच्या भीतीवर जगतात आणि दोघांनाही तुम्ही प्रश्न विचारलेला चालत नाही. तेव्हा विचारा. हे कसं मोजलंत, कुणी तपासलं, रिकाम्या खोलीत ठेवलं तर काय दाखवतं? आणि मूल हाकेला ओ देत नसेल तर शेजाऱ्यांना, सासूला, मोबाइलला विचारत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा. तपासणीत काही निघालं नाही तर एक सकाळ वाया जाईल, इतकंच. यशूची मोलाची वर्षं गेली आहेत, आणि ती त्याला आमच्यापैकी कुणीही परत देऊ शकत नाही.