साहेबांची तरंगलांबी

कॉलेजच्या संचालकांना कोणापुढे कशातही कमी पडलेलं खपत नसे. खुर्ची सगळ्यांत उंच, चहाचा कप सगळ्यांत मोठा. प्रयोगशाळेच्या बाईंना हे ठाऊक होतं, तरी त्या फसल्या. इलेक्ट्रॉनची नळी जळाली होती आणि नव्या नळीच्या अर्जावर साहेबांची सही हवी होती. नाहीतर मुलं इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नुसती घोकून परीक्षेला बसणार.

साहेब हातात अर्ज आणि सोबत भाचा घेऊन पाहणीला आले. भाचाच उपप्राचार्य होता. बाईंनी समजावलं, "चालत्या प्रत्येक वस्तूला तरंग असतो. वजन आणि वेग यांचा गुणाकार करायचा नि प्लँकच्या इवल्याशा स्थिरांकाला त्यानं भागायचं."

"मग माझी काढा की लांबी," म्हणत साहेब फळ्यापासून दारापर्यंत रुबाबात चालले.

बाईंनी काढली. दशांशचिन्हापुढे शून्यं मांडता मांडता खडू संपत आला.

"आता याची."

भाचा काडीपैलवान. मामांच्याच चालीनं चालला आणि त्याची लांबी मामांच्या दुप्पट निघाली.

"मामा, गणितच आहे ते," भाचा हसू दाबत म्हणाला.

"दात काढू नकोस. बाई, वजन माझं जास्त, मान माझा जास्त, आणि लांबी याची? हे कुठलं शास्त्र?"

"साहेब, वजन वाढलं की लांबी घटते."

"मग वाढवा."

"वजन?"

"लांबी, बाई."

साहेबांनी अर्ज सही न करताच खिशात घालायला घेतला. बाई घाईनं म्हणाल्या, "वेग कमी केला तर वाढेल, साहेब. जितकं हळू, तितकी लांब. अगदी स्थिर राहिलात तर गणितात तिला अंतच नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. अर्ज टेबलावर टाकून ते तिथल्याच स्टुलावर टेकले, हात मांडीवर ठेवले आणि दगडासारखे बसले. बाईंनी संधी साधून पेनचं टोपण काढलं, अर्ज पुढे सरकवला.

साहेबांनी फक्त डोळे फिरवले. "हलायचं नाही म्हणालात ना?"

"मामा, सहीपुरता हात..."

"गप. तुला माझ्यापुढे जायचंय."

नळी आली नाही. परीक्षेत प्रश्न होता, प्रचंड तरंगलांबीचं उदाहरण द्या. मुलांनी इलेक्ट्रॉन कधी पाहिला नव्हता, पण स्टुलावर बसलेल्या साहेबांना रोज पाहत होती. सगळ्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं.

बाईंनी पूर्ण गुण दिले.