चाळीस दिवसांची पिल्लं

दहा दिवस मी रोज सकाळी एक पिल्लू वाटीत काढून पट्टीवर मोजत होते, आणि दहा दिवस ते नखाएवढंच होतं. एंजल माशांची पिल्लं, चाळीस दिवसांची. साकोलीचा दुकानदार राजकुमार दिवाळीनंतर येणार होता, आणि रुपयाच्या नाण्याहून लहान मासा तो बघतसुद्धा नाही.

त्याने नाही म्हटलं तर काय होणार, हे मला ठाऊक होतं. आमच्या कोंढा गावच्या घरी बैल विकल्यावर त्यांचा कोठा रिकामा झाला, तो सासऱ्यांनी मला माशांची टाकी बांधायला दिला. पण अट घातली. या हंगामात मासे विकले गेले नाहीत तर टाकी फोडायची आणि तिथं धानाची पोती रचायची. या घरात माझं म्हणून तेवढंच आहे.

मग मी हट्टाला पेटले. थंडी लागत असेल म्हणून हीटर लावला. भूक असेल म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक दोनदाऐवजी पाचदा दिला. पिल्लं काही वाढली नाहीत, पाणी तेवढं घाण झालं. मंगळवारी सोळा मेली, बुधवारी एकतीस. उरलेली पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होती. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते.

सासरे, पुंडलिकराव, दारात आले. "काहून मरून राहिले?"

"तुमाले काय करायचं, मामाजी? तुमच्या पोत्यांले वेळ हाय अजून."

ते शेतावर निघून गेले. त्यांच्यामागून सासूबाई आल्या आणि टाकीत वाकून बघत राहिल्या.

"किती हायेत हे?"

"सहाशे होते."

"अन् किती दिवसाचे?"

"चाळीस."

"चाळीस दिवस पऱ्हे एका जागी गच्च ठेवते का कोणी?"

माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. कळायला लागल्यापासून मी धानाची रोवणी करते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आधी दाट टाकायची असतात, ते माझ्या हाडात मुरलेलं. म्हणून मी सगळी पिल्लं एकाच टाकीत ठेवली होती. मासेपालनाच्या प्रशिक्षणातल्या मॅडम "वेगळी करा" म्हणाल्या, तेव्हा हिला काय कळतं म्हणून हसले होते. दाट टाकलेले पऱ्हे पुढे उपटून दूरदूर रोवायचे असतात, हे अर्धं मीच विसरले. आणि वय निघून गेलेल्या पऱ्ह्याला मग कितीही जागा द्या, फुटवे येत नाहीत. पिल्लांचंही तसंच असेल तर सगळं संपलं होतं.

घरात पाणी धरेल अशी एकच मोठी वस्तू होती, मळणीला धान झाकायची सासऱ्यांची नवी ताडपत्री. त्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. सासूबाईंनी विटा दिल्या. कोठ्यातच विटांचं कडं करून ताडपत्री अंथरली आणि विहिरीचं पाणी भरलं. त्यात टाकीतलं थोडं थोडं पाणी मिसळत, हात बुडवून ऊब बघत मी दुपार केली. मग अर्धी पिल्लं सोडली. ती एका कोपऱ्यात गोळा झाली आणि हलेनात.

संध्याकाळी सासऱ्यांनी ताडपत्री बघितली.

"धान कायनं झाकू?"

"आठ दिवस द्या, मामाजी."

"आठ दिवसानं मळणी हाय," एवढंच म्हणाले.

ते आठ दिवस मी जेवले की नाही, मला आठवत नाही. दोन्हीकडचं पाणी रोज थोडं बदललं, खाणं कमी केलं. तिसऱ्या दिवसापासून मरणं थांबलं. आठव्या सकाळी वाटीतलं पिल्लू पट्टीवर तीन रेघा पुढे होतं. मी दुसरं काढलं, तिसरं काढलं. शंभरेक तशीच खुजी राहिली, त्यांचं वय गेलं होतं. बाकीची वाढत होती, पण नाण्याएवढी व्हायला अजून पंधरा दिवस हवे होते. राजकुमार यायला तेवढे दिवस होते, पण तोवर ताडपत्री हलवता येणार नव्हती.

तेवढ्यात सासरे आले आणि त्यांनी ताडपत्रीची कड धरली. मी वाटी आणि पट्टी त्यांच्यापुढे केली. त्यांनी बराच वेळ वाटीत पाहिलं, मग कड सोडली आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

"पवनीले जाऊन येतो. दुसरी ताडपत्री आणतो."

"मामाजी, ही..."

"राहू दे. रोवलेलं कोणी उपटते का?"