खंडेनवमीची जपानी तलवार

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ असं लिहिलेलं आहे. साखरेच्या डब्यावर ‘साखर’. गॅसच्या सिलिंडरभोवती फरशीवर पिवळी चौकट आखलेली आहे, आणि सिलिंडर त्या चौकटीबाहेर दोन बोटं जरी सरकला तरी माझ्या नवऱ्याला घास गोड लागत नाही. हे सगळं तो अंबडच्या कंपनीतून शिकून आला. कंपनी जपान्यांच्या भागीदारीतली, सुनील तिथे टूलरूममध्ये ग्राइंडिंग करतो. कंपनीत जे जे जपानी आलं, ते आठ दिवसांत माझ्या ओट्यावर आलं.

त्यामुळे २००३ साली कंपनी टूलरूममधल्या एका माणसाला वर्षभरासाठी जपानला पाठवणार असं कळलं, तेव्हा मलाही सुनीलइतकाच आनंद झाला. त्याला जपान बघायचा होता. मला एक वर्ष माझं स्वयंपाकघर माझ्या मनासारखं पसरून ठेवायचं होतं. शेवटी दोनच नावं उरली, सुनील आणि त्याच्या शेजारच्या मशीनवरचा जयराम. निवड जाहीर करणार होते जपानहून येणारे नाकाओ साहेब, खंडेनवमीच्या दिवशी, एका कार्यक्रमाच्या शेवटी.

कार्यक्रम तलवारीचा होता. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तशी त्यांच्याकडे तलवारीची असतात, आणि तशा तीन घराण्यांचे गुरुजी शेकडो वर्षांचे जुने वार जसेच्या तसे करून दाखवणार, अशी नोटीस कंपनीत लागली होती. शनिवारची सुट्टी, फुकट चहा-वडा आणि वर तलवारी! चारशे खुर्च्यांचा हॉल गच्च भरला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, सकाळच्या एसटीने दिंडोरीकडच्या गावाहून आल्या आणि नवं लुगडं सावरत तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या.

पहिल्या घराण्याचे दोन गुरुजी आले. बसले. समोर वाकून नमस्कार केला. तलवारीला नमस्कार केला. मग नुसते बसून राहिले.

“माइक बिघाडला का?” आईंनी विचारलं.

“नाही आई, कार्यक्रम सुरू आहे.”

“काय सुरू हाय?”

एवढ्यात एका गुरुजींनी बसल्या जागेवरून तलवार उपसली, हवेत एक वार केला, तलवार म्यानात घातली आणि पुन्हा बसले.

“कुणाला मारलं?”

“कुणालाच नाही. समोर शत्रू आहे असं धरायचं.”

“आन् त्यो मेला?”

“मेला.”

“सुटला बिचारा. लय वाट पाहायला लावली त्याला.”

लोकांनी गुरुजी बसले की टाळ्या वाजवल्या, उठले की वाजवल्या. दुभाषी म्हणून पुण्याहून तेजस्विनी नावाची मुलगी आली होती, तिने हात जोडून सांगितलं की कृपया टाळ्या फक्त शेवटी. लोक असे वरमले की शेवटीही कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या घराण्याकडे लाकडी तलवारी होत्या. एकाने जिवाच्या आकांताने ओरडत दुसऱ्याच्या कपाळावर वार घालायचा आणि अगदी केसभर अंतरावर थांबायचं. आईंचं म्हणणं पडलं, की एवढं जपून मारायचं तर मारायचंच कशाला. आमच्या मागे मात्र सगळी टूलरूम बसली होती. त्यांच्यात वेगळाच वाद पेटला.

“दोन एमएमवर थांबला.”

“दोन नाय रे, एक.”

“पॉइंट आठ,” सुनील म्हणाला. वाद मिटला. जयरामने तेवढ्यात वहीत काहीतरी लिहून घेतलं. असल्या माणसाचा मला राग येतो.

मध्यंतर झालं. पडदा पडला आणि सगळे वड्यांवर तुटून पडले. पाहुण्यांना ओवाळायचं ताट माझ्या ताब्यात होतं, ते आणायला मी स्टेजवर गेले. आई माझ्या मागोमाग. स्टेजवर चिटपाखरू नव्हतं. मधोमध एका छोट्या लाकडी घोडीवर तिसऱ्या घराण्याच्या म्हाताऱ्या गुरुजींची तलवार ठेवलेली होती, काळ्या म्यानात. तीनशे वर्षांची, असं तेजस्विनीने सांगितलं होतं.

आई थबकल्या. “सविता, आज खंडेनवमी ना गं?”

“हो.”

“आन् हिला कुंकू नाय लावलं कुणी?”

आता मला कुणीही नावं ठेवावीत, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शनिवारी सुट्टी म्हणून आदल्याच दिवशी कंपनीत लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू झालं होतं, फोर्कलिफ्टच्या गळ्यात झेंडूची माळ होती. पाहुणीच तेवढी कोरी राहिली होती. मी ताट पुढे केलं. म्यानावर कुंकू लावणार एवढ्यात आईंनी हात मागे घेतला.

“कव्हराची कसली पूजा? लेथची पूजा तू ताडपत्रीवरून करतीस का?”

त्यांनी दोन्ही हातांनी तलवार चार बोटं बाहेर काढली. फुलपात्रातल्या पाण्यात बोट बुडवून पात्याला हळदीची पाच बोटं लावली, वर कुंकवाची पाच, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत बराच वेळ काहीतरी मागितलं. मीही हात जोडले आणि माझं मागून घेतलं, की यांनाच जपानला जाऊ दे. मग आईंनी अक्षता-पाकळ्यांसकट तलवार म्यानात नीट सारली आणि आम्ही वडे खायला गेलो.

पडदा वर गेला. म्हातारे गुरुजी आले, बसले, तलवार कमरेला खोचली. या वेळी टाळी नाही, खोकला नाही. कंपनीचे जीएम साहेब आणि नाकाओ साहेब पहिल्या रांगेत ताठ बसलेले. गुरुजींनी मूठ धरली, एक आरोळी ठोकली आणि तलवार उपसली.

तलवारीबरोबर मूठभर ओल्या अक्षता बाहेर उडाल्या. काही नाकाओ साहेबांच्या केसांत गेल्या. झेंडूची एक पाकळी तरंगत येऊन जीएम साहेबांच्या टायवर बसली. गुरुजी वार अर्धवट सोडून तसेच उभे राहिले आणि पात्याकडे बघू लागले. पात्यावरून पिवळा-लाल ओघळ मुठीकडे येत होता.

गुरुजींचा शिष्य पांढराफटक चेहरा करून धावत आला आणि खिशातून कागद काढून पातं पुसायला लागला. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

“अरे, पुसू नका! दसऱ्यापोहोत राहू द्यावं लागतं!”

जीएम साहेब हळूहळू मागे वळले. “या बाई कोण?”

जयराम छताचे पंखे मोजत होता. मागच्या रांगेत सुनीलची खुर्ची करकरली, तेव्हा मला मनापासून वाटलं की याने गप्प बसावं. दहा मिनिटं गप्प बसला असता, तर जपान त्याचाच होता.

“माझी आई आहे, साहेब,” सुनील म्हणाला. तेवढं बोलून थांबला असता तरी चाललं असतं. पण तो रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत स्टेजकडे पळाला. “नुसतं पातं पुसून भागणार नाही! म्यानात पाणी गेलंय! तलवार परत आत घालू देऊ नका, गंज धरेल!”

तेजस्विनीने घाईघाईने ते जपानीत सांगितलं. गुरुजींनी सुनीलकडे पाहिलं. त्याने खिशातून कंपनीतली मापं पुसायची मऊ मलमल काढली होती आणि ती दोन्ही हातांवर पसरून तो वाकून उभा होता. उघड्या बोटाने पात्याला स्पर्श करायचा नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. गुरुजींनी तलवार त्याच्या हातांवर ठेवली.

मग स्टेजवर जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. दोघं समोरासमोर मांडी घालून बसले. सुनीलने मलमलीने हळद टिपली. गुरुजींनी मऊ कागदाने पातं पुसलं, एका काठीला बांधलेल्या रेशमी गोळ्याने त्यावर टिप-टिप करत पांढरी पूड टाकली, ती पुसली, शेवटी तेलाचा हलका हात फिरवला. म्यानात सुनील चिमट्याने एकेक तांदूळ शोधत होता. अर्धा तास! आणि त्या अर्ध्या तासात एकही माणूस जागचा हलला नाही. हवेतला शत्रू आमच्या लोकांना काही केल्या दिसला नव्हता, पण पोलाद पुसणं चारशेच्या चारशे जणांना कळत होतं.

“पुसतोय एकाच दिशेने, बघ,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“बघा, शेवटी त्यांच्यातबी पूजाच असती,” आई म्हणाल्या. “आमचं पुसून तीच केली.”

गुरुजींनी तलवार दिव्याखाली धरली, डोळ्याला लावून न्याहाळली आणि मान हलवली. हॉलमध्ये असा टाळ्यांचा कडकडाट झाला की तेजस्विनीनेही माइक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. गुरुजी नाकाओ साहेबांशी दोन वाक्यं बोलले. नाकाओ साहेब केसांतली शेवटची अक्षता झटकत स्टेजवर गेले, खिशातला कागद काढला, तो न उघडताच परत ठेवला आणि नाव घेतलं. सुनीलचं.

मी उडीच मारली. टूलरूमने शिट्ट्या मारल्या. जयरामही टाळ्या वाजवत होता, एवढं मला कबूल केलं पाहिजे. आई मात्र खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या.

“आई, तुम्हाला आनंद नाही झाला?”

“कसला आनंद? मी तिला हात जोडून काय मागितलं ठाऊक हाय? कुणालाबी ने, पन माझ्या सुनीलला नेऊ नको. याचा बाप असाच एका वर्सासाठी म्हनून मुंबईला गेला, त्यो आठ वर्सं तिकडंच राहिला.” त्यांनी स्टेजकडे डोळे वटारले. “जपानी तलवार ती. तिला मराठी कुठून कळनार? तिला वाटलं, म्हातारी म्हनती घेऊन जा.”

मला हसू आलं आणि तिथेच अडकलं. स्टेजवर सुनील गुरुजींसमोर वाकून उभा होता, बोटं हळदीने पिवळी, आणि गर्दीत मला शोधत होता. मी दिसल्यावर असा हसला, की मला एकदम वर्षाचे दिवस मोजता यायला लागले. तीनशे पासष्ट. एवढे मी कधी मोजलेच नव्हते.

“तू काय मागितलंस गं?” आईंनी विचारलं.

“मीपण तेच, आई,” मी म्हणाले. मध्यंतरात ते साफ खोटं होतं. आता नव्हतं.