रिकामं लग्न

आविती डोकं भादरूनच कोर्टात आली होती. नवरा ओलुओच गेला त्याच दिवशी जावांनी तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला होता. तो अजून शवागारातच पडून होता. त्याला आपल्या अंगणात, थोरल्या लेकाच्या, ओडुओरच्या शेजारी पुरू द्या, एवढंच तिचं मागणं. पण नैरोबीची मार्गरेट त्याला तिकडे न्यायला टपली होती. मार्गरेटचं त्याच्याशी लग्न आधीचं, चर्चमधलं, आणि ते कधी मोडलेलंच नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी इंग्रजीत निकाल वाचला आणि एका शब्दावर जोर दिला: व्हॉइड. दुभाषा ओचोला अडखळला. लुओ भाषेत त्याच्या हाताशी एकच शब्द आला.

"ओडुओरच्या आई, बाईसाहेब म्हणतात, तुमचं लग्न रिकामं."

आवितीला उलट धीरच आला. एवढंच ना?

"रिकामं कसं रे? सहा बाळंतपणं झाली त्यात! सासूचं हागणंमुतणं काढलं, गुरं राखली. चांगलं भरून वाहत होतं. येऊन बघा म्हणावं!"

बाकांवर खसखस पिकली. ओचोलानं तिचं म्हणणं सांगितलं. न्यायाधीशबाई काही वाईट नव्हत्या. चष्मा काढून त्यांनी सावकाश समजावलं.

"तसं रिकामं नव्हे," ओचोला मान खाली घालून म्हणाला. "मोडलं असंही नाही. मोडायला आधी असावं लागतं. ते झालंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून."

"आणि मला मागताना त्यानं माझ्या बापाच्या दारात गुरं बांधली ती?"

"ती बांधली. लग्न नाही झालं."

कायद्याचं काय जातंय! बाईचा उभा जन्म एका शब्दात पुसून मोकळा.

आवितीनं बोडक्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग माझा ओडुओर? त्याला बापाच्या अंगणात पुरलंय मी. लग्नच झालं नाही, तर ते अंगण त्याचं कसं? उद्या त्यालाही उकरायला येतील का रे? विचार त्यांना. तू मला आत्ता कुणाची आई म्हणालास, तेही विचार."

"काय म्हणतात त्या?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

ओचोलानं ओठ हलवून पाहिले. मग इंग्रजीत म्हणाला, "समजलं म्हणतात."

आपलं एवढं सगळं दोन शब्दांत मावलं, याचं आवितीला नवल वाटलं. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. मार्गरेट उठून शवागाराकडे निघालीसुद्धा.

"बसा आता, बाई," ओचोला हळूच म्हणाला.

या खेपेला तो नुसतं बाई म्हणाला होता.