दारावरची तीन भोके

मित्रांनो, मी लष्करातून निवृत्त झालेला एक जुना ट्रक आहे. पुढचे काही ऐकण्याआधी एवढे समजून घ्या, की मी एकही लढाई पाहिलेली नाही. मी कपडे वाहिले. जवानांचे मळके कपडे धुलाईला न्यायचे आणि धुतलेले परत आणायचे, एवढेच माझे लष्करी आयुष्य.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी आणि माझे भाऊ अगदी एकसारखे होतो. तोच हिरवा रंग, तेच रुंद नाक. पुढे काहींच्या वाट्याला दारूगोळा आला, काहींच्या मागे तोफा जोडल्या गेल्या. माझ्या वाट्याला गाठोडी आली. मी छावणीच्या फाटकातून आत शिरलो, की जवान ओरडायचे, "आली रे लाँड्री!" माझा चालक हसून हात हलवायचा. मी मात्र खजील व्हायचो. संध्याकाळी इतर ट्रकांच्या रांगेत उभे राहताना वाटायचे, आज तू काय वाहिलेस, असे आपल्याला कुणी विचारू नये.

मग लढाई सुरू झाली. एका सकाळी ती रांग रिकामी झाली आणि मी मागे राहिलो. लष्करी रुग्णालयातून चादरी येऊ लागल्या. त्या दिवसांतल्या चादरींबद्दल मी फार बोलणार नाही. माझा चालक कामावर गाणी म्हणायचा, तो गप्प झाला, एवढेच सांगतो. पुढे रांग परत आली, पण पहिल्यापेक्षा आखूड होती.

म्हातारपणी मला एका मैदानात नेऊन सोडले. इंजिनात पाणी शिरले, वायरी उंदरांनी खाल्ल्या, हौद्याच्या फळ्यांतून गवत वर आले. लिलावात मला घ्यायला आला एक फोटोग्राफर. त्याचा गावात स्टुडिओ होता. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, मुरमे आणि सुरकुत्या बारीक ब्रशने पुसून टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला होता. स्टुडिओला कुलूप लागले आणि त्याचे हात मोकळे पडले.

मला ओढत घरी आणले तेव्हा मी आत मावावा म्हणून अंगणाचे फाटकच काढावे लागले. त्याची बायको कपडे शिवायची. गळ्यात टेप तशीच घेऊन ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, लोक घरी मांजर आणतात!"

"थोडे दिवस दे मला. नवा करून दाखवतो."

"आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी होती ती इथे?"

"गच्चीवर बांधू."

"बादली घेऊन गच्चीवर तुम्हीच जायचं मग."

खरोखरच तो रोज बादली घेऊन गच्चीवर जायचा आणि खाली आला की माझ्या बॉनेटमध्ये डोके घालायचा. माझे इंजिन जाम झाले होते. त्याने नळकांड्यांत तेल ओतून ते कित्येक दिवस मुरू दिले आणि रोज हँडल लावून जरा जरा जोर देऊन पाहिला. एके दिवशी ते बोटाच्या पेराएवढे फिरले. तो आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडला, की शेजारच्यांना वाटले पाय चेपला! मग ब्रेकची रबरे बदलली, स्प्रिंगचे पाटे रॉकेलने धुतले, गंज खरवडून खालचा पत्रा मोकळा केला. रोज दुपारी तो माझ्या सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचा. बायकोने आपल्या मशीनवर माझी ताडपत्री शिवली. सुया मोडल्या तशी ती मलाही बोलली आणि नवऱ्यालाही. हौद्याच्या फळ्यांच्या फटीत तिला सदऱ्यांची ओंजळभर बटणे सापडली. ती हसून म्हणाली, "हा तर आपल्याच धंद्यातला निघाला!"

मित्रांनो, मला इतके कुणी जपले नव्हते. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले, तेव्हा त्या दोघांनी कामाने काळ्या झालेल्या हातांनी एकमेकांचे हात धरले होते. तिथेच थांबलो असतो तर किती बरे झाले असते!

पण बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "लढाईत होता का हो हा?"

फोटोग्राफर आधी खरे सांगायचा. "कपडे वाहायचा," म्हटले, की लोक "अच्छा" म्हणून चहाचा कप खाली ठेवायचे आणि निघायचे. मग तो "असेलही" म्हणू लागला. आणि जुन्या गाड्यांचा मेळावा जवळ आला, तेव्हा एका दुपारी त्याने माझ्या दारावर ड्रिल टेकवले.

त्याने तीन भोके पाडली. कडा आत ठोकल्या, त्यांना मिठाचे पाणी लावून गंज आणला, वर काजळी फासली. काम इतके सफाईदार, की मलाच क्षणभर वाटले, गोळ्या लागल्या असाव्यात.

बायको बघतच राहिली. "हे काय?"

"जरासं टचिंग."

"जन्मभर लोकांचे डाग पुसलेत, आता डाग पाडायला लागलात?"

मेळाव्यात माझ्याभोवती गर्दी झाली. 'आघाडीवर गोळ्या झेललेला ट्रक' अशी पाटी होती. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी लाजलो का? नाही. मला बरे वाटत होते. "आली रे लाँड्री" म्हणणारे कुणी तिथे नव्हते. शरम त्यानंतर आली आणि ती राहायलाच आली.

गर्दी पांगल्यावर एक बाई जवळ आल्या. शाळेत गाणे शिकवायच्या. केस पिकायला लागलेले, हातात दुमडलेली छत्री. त्यांनी पाटी वाचली आणि हळूच एका भोकात बोट घातले.

"माझा दादा असाच ट्रक चालवायचा," त्या म्हणाल्या. "दारातून गोळी लागली, असं कळवलं होतं आम्हाला. मी तेव्हा शाळेत होते." बोट तसेच ठेवून त्यांनी विचारले, "लगेच गेला असेल ना हो?"

फोटोग्राफरने पाटीकडे पाहिले. तेव्हाच खरे बोलायचे होते. पण त्या बाईंचा चेहरा बघून तो म्हणाला, "हो, हो. लगेचच."

मला हॉर्न होता, पण स्वतःहून वाजवता येत नव्हता.

त्या दर आठवड्याला घरी येऊ लागल्या. दार पुसायच्या, चालकाच्या शेजारच्या जागेवर बसायच्या आणि मग जायच्या. त्या आल्या, की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे व्हायचे. फोटोग्राफर तेव्हा माझ्याखाली सरकून ग्रीस भरत बसायचा. डबा रिकामा झाला तरी बाहेर यायचा नाही.

एकदा त्या जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईला घेऊन येते. तिला आता दिसत नाही. पण हात लावून बघेल."

त्यांची पाठ वळताच फोटोग्राफरची बायको खाली वाकली आणि माझ्याखाली बघून बोलली, "बाहेर या. त्या म्हातारीचंही बोट घालणार आहात का त्या भोकात?"

माझ्याखालून ग्रीसचा रिकामा डबा गडगडत बाहेर आला.

"मी सांगणार नाही हं. भोकं तुम्ही पाडलीत, तुम्हीच सांगा."

आजी आल्या त्या दिवशी फोटोग्राफर माझ्या दारासमोर उभा राहिला. मुलीने आईचा हात धरून पुढे केला होता. तो म्हणाला, "आजी, थांबा. ही भोकं गोळ्यांची नाहीत. मी ड्रिलने पाडलीत. हा ट्रक कधी आघाडीवर गेलाच नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. "लगेच गेला म्हणालात. ते कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

मित्रांनो, मी गंजलो, सडलो, उंदरांचे घर झालो, पण त्या क्षणाइतका खजील कधी झालो नाही.

मग आजींनी विचारले, "मग गाडी काय वाहायची ही?"

"जवानांचे कपडे. धुऊन आणायची."

आजींनी चाचपडत तळवा माझ्या पत्र्यावर ठेवला. "मळका सदरा चालायचा नाही त्याला," त्या म्हणाल्या. "शाळेतून आला की आधी सदरा बदल. तिकडे त्याला कोण धुऊन देत असेल, हाच घोर असायचा मला." मग मान हलवून म्हणाल्या, "चला, बसवा मला वर."

दोघा नवरा-बायकोंनी त्यांना उचलून आत बसवले. त्या बराच वेळ बसल्या. बाई मात्र रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आईला घेऊन गेल्या त्या परत कधी आल्या नाहीत. फोटोग्राफर माफी मागायला त्यांच्या घरी गेला होता. त्यांनी ऐकून घेतले आणि दार लावले. त्यांचे काय चुकले?

भोके वेल्डिंग करून बुजवली आहेत. ऊन तिरपे पडले, की तिथे खपल्या दिसतात. त्यांवर ब्रश फिरवायचा नाही, असे फोटोग्राफरने ठरवले आहे. माझ्या पाटीवर आता 'धुलाई विभाग' लिहिले आहे. मेळाव्यात मुले ती वाचतात आणि पलीकडच्या जीपकडे धावतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की मी जन्मभर ज्या कामाची लाज बाळगली त्यात लाजण्यासारखे काही नव्हते, आणि लाजायची वेळ आली तेव्हा मी मिरवत उभा होतो.

तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल. तिला तेल द्या, पावसात टाकू नका, अधूनमधून चालवा. गंज काढा, मोडलेले जोडा. पण ती जी नव्हती ते तिच्या अंगावर कोरू नका. तिला बोलता येत नाही. आणि आपले माणूस गमावलेले कुणी तिच्यासमोर येऊन उभे राहील, हे आपल्याला आधी कळत नसते.